दोन वाजून वीस मिनिटांची नोंद

८ सप्टेंबर १९५८

सायलस,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच, तेव्हा आधी सांगून टाकते, कुणी मेलेलं नाही. निदान नव्यानं तरी नाही. पत्र चुलीत घालायचं मनात असेल तर एवढं पान वाच आणि मग घाल. पत्ता कोराच्या नाताळच्या कार्डावरून घेतला. तुझी मुलगी दर वर्षी न चुकता कार्ड पाठवते, आणि तू दर वर्षी त्यावर सही करत नाहीस. बहिणीला दोन अक्षरं खरडायला ऑरेगनात शाई मिळत नसेल, असं मी समजून घेते.

कामाचं बोलते. येत्या चार नोव्हेंबरला आपल्याकडे घटनादुरुस्तीवर मतदान आहे. कलम तुला पाठ असेल: गव्हर्नर राज्याबाहेर असतील तेवढा वेळ राज्यसचिवानं गव्हर्नर म्हणून काम पाहावं. ते वाक्य काढून टाकताहेत. आता म्हणे टेलिफोन आहे, विमान आहे, गव्हर्नर कुठेही गेला तरी गव्हर्नरच. म्हणजे गव्हर्नर राज्याबाहेर कधी गेले आणि परत कधी आले, याची नोंद ठेवायचं कामही संपलं. वह्या बंद होणार. निकालाची घोषणा एक डिसेंबरला दुपारी बारा वाजता होईल, आणि त्याच दिवशी मी निवृत्त होणार. पासष्ट झाली मला. एकतीस वर्षं एकाच खुर्चीत बसले.

आपलं खातं आता तुला ओळखू यायचं नाही. तू राज्यसचिव होतास तेव्हा राज्याची मोहोर, नोंदवह्या आणि निवडणूक, एवढाच कारभार होता. आता कंपन्या आल्या, सावकारांचे परवाने आले, आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे मोटारींच्या नंबरपट्ट्या. त्या तुरुंगात ठोकतात आणि आम्ही वाटतो. नवे राज्यसचिव मिस्टर ब्रॅनॉक छत्तिशीचे आहेत, मतं मोजायच्या यंत्रांवर त्यांचा जीव. मोहोर उमटवायच्या यंत्राला ते 'तो जुना चिमटा' म्हणतात. त्याची किल्ली अजून माझ्याच गळ्यात असते.

आता पत्र लिहायचं कारण. वह्या दप्तरखान्यात जायच्या आधी मला प्रत्येक वहीवर दाखला द्यायचा आहे: 'यातील प्रत्येक नोंद घटना घडल्यावर, त्याच वेळी, माहिती घेऊन केलेली असून खरी आहे.' माझ्या अक्षरातल्या वह्या एकोणीस. अठरांवर सही करून झाली. सन एकतीसची बाकी आहे.

दुरुस्तीच्या समितीनं तुला पत्र धाडलंय असं ऐकते. सतरा फेब्रुवारीला काय घडलं ते तुझ्या तोंडून हवंय त्यांना. तू काय कळवणार आहेस तेवढं मला आधी सांग. माझ्या बाजूनं नवं काही नाही. नोंद नियमाप्रमाणे झाली होती.

एचेबेरीच्या मुलीचा अर्ज याही वर्षी आला. त्या पानाची खरी नक्कल मागते. दर वर्षी मागते, दर वर्षी मी पाठवते, मोहोर मारून. एकाच पानाच्या नऊ नकला घेऊन ती काय करते कोण जाणे.

हेस्टर

२९ सप्टेंबर १९५८

सायलस,

तुझं उत्तर नाही. कोराची चिठ्ठी आली. म्हणते, बाबांनी पत्र वाचलं आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं. पुढे लिहिते की तुझ्या छातीत पाणी होतंय आणि डॉक्टर नाताळापलीकडचं बोलत नाहीत. हे मला तिनं कळवलं, तू नाही. तुझी खोड जाणार नाही. आई गेली तेव्हा तू फुलं पाठवलीस, तीसुद्धा दुकानाच्या नावानं.

आता रागावून उपयोग नाही. नाताळापर्यंतच वेळ असेल तर मी नीट लिहिते. तुला सगळं ठाऊक आहे असं तू म्हणशील. पण मी ते कधी कागदावर मांडलेलं नाही, आणि एकतीस वर्षं दुसऱ्यांचं लिहिणाऱ्या बाईला एवढा हक्क असावा.

बेत्री एचेबेरी मेंढपाळ होता, उत्तरेकडच्या डोंगरात. गुरंवाल्यांच्या एका मुकादमाला गोळी घातली म्हणून त्याला फाशी झाली. वीस फेब्रुवारी, शुक्रवार. त्यानं मारलं की नाही, मला आजही ठाऊक नाही. त्याच्या वकिलाचं म्हणणं होतं की दुसरा एक मेंढपाळ सगळं पाहून आहे, पण तो वरच्या कुरणात बर्फात अडकलाय, वसंतात खाली येईल. साठ दिवस फाशी तहकूब करा. गव्हर्नर ऑडलींनी अर्ज न उघडता परत केला. गुरंवाल्यांच्या मतांवर निवडून आलेला माणूस, तो कशाला उघडतो? आणि ते गेले शिकागोला.

मंगळवारी, सतरा तारखेला, ते परत यायचे होते. दुपारी वकील तुझ्याकडे आला, कारण तेव्हा गव्हर्नर तू होतास. तू अर्ज उघडलास, वाचलास, आणि पावणेतीन वाजता तहकुबीच्या हुकमावर सही केलीस. मोहोर तू स्वतः मारलीस, तुझ्याजवळच्या किल्लीनं. मी जागेवर नव्हते.

आणि नोंदवहीत माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'गव्हर्नर दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी राज्यात परतले.' म्हणजे तू सही केलीस तेव्हा तू गव्हर्नर उरला नव्हतास, पंचवीस मिनिटांपूर्वीच.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तुझा हुकूम तुझ्याच खात्याच्या वहीनं मारला. एचेबेरीचा वकील ओरडून सांगत होता की गाडी बर्फात अडकली होती, स्टेशनमास्तरांना बोलवा. गुरुवारी न्यायाधीश म्हणाले, घटनेनं सांगितलेल्या नोंदवहीविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही. वही खोटी आहे असं वही ठेवणाऱ्यानंच सांगितलं तर गोष्ट वेगळी. ऑडली म्हणाले, मी डब्यात झोपलो होतो, वहीत असेल ते खरं. मग मला उभं केलं.

'हे अक्षर तुमचं?'

'हो.'

'नोंद नेहमीच्या पद्धतीनं केली?'

'नेहमीच्या पद्धतीनं.'

बघ, मी खोटं बोलले नाही. तेव्हाही नाही, आणि गेल्या पत्रातही नाही. आमची पद्धत तशीच होती. माझ्या आधीचे म्हातारे क्लार्क मला शिकवून गेले होते की गव्हर्नर कुठल्या गाडीनं येतात ते बघायचं, वेळापत्रकात ती गाडी सीमेवरच्या स्टेशनात किती वाजता येते ते बघायचं, आणि लिहायचं. सीमेवर जाऊन कोण उभं राहतंय घड्याळ घेऊन? पन्नास वर्षं असंच चाललं होतं. सगळ्या राज्यात कुणाला त्याची फिकीर नव्हती.

न्यायाधीशांनी त्यापुढे विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मला वाटलं, एका ओळीला हात लावला तर अख्ख्या वह्या जातील. पन्नास वर्षांतल्या माफ्या, नेमणुका, सह्या. प्रत्येक कैद्याचा वकील उठून म्हणेल, ही पण वेळापत्रकावरून लिहिलीय का?

असं मला वाटलं, असं मी आजवर स्वतःला सांगत आले.

हेस्टर

२० ऑक्टोबर १९५८

सायलस,

अजून उत्तर नाही. ठीक आहे. तू तोंडात मूग धरून बस, मी बोलते.

दोन पत्रं लिहिली आणि दोन्हीत हातचं राखून लिहिलं. वेळापत्रकावरून लिहायची पद्धत होती, हे खरं. पण गाडी येऊन गेल्यावर लिहायची. संध्याकाळी, किंवा दुसऱ्या सकाळी. उशीर झाला असला तर स्टेशनातून कळायचं आणि आपण तशी दुरुस्त वेळ घालायचो. म्हाताऱ्याची पद्धत आळशी होती, पण इतकी नव्हती.

मी ती ओळ बाराला दहा कमी असताना लिहिली. गव्हर्नर तेव्हा सीमेपासून अडीच तासांवर होते, पलीकडच्या बाजूला.

का लिहिली, ते ऐक. त्या संध्याकाळी चर्चमध्ये जेवण होतं. मी आठ डझन पेस्टी करायच्या कबूल केल्या होत्या, आईच्या पद्धतीच्या, करंजीसारख्या, आत मांस आणि सलगम भरून. पीठ सकाळी मळून ठेवलं होतं. मला दुपारची सुटी हवी होती, आणि सुटी मागायला तुझ्यापुढे यायची लाज वाटत होती, कारण आधीच लोक म्हणत होते, भाऊ सचिव झाला म्हणून बहिणीला खुर्ची मिळाली. म्हटलं, आज गव्हर्नर यायचे एवढंच काम उरलंय, ते लिहून टाकू आणि जाऊ. लिहिलं. टिपकागद ठेवला. टोपी घातली आणि निघाले.

एक माणूस पेस्टीपायी फासावर गेला, सायलस. मी हे वाक्य आज पहिल्यांदा लिहिते आहे. 

पुढचं ऐकायचंय? रात्रीच्या जेवणाला ऑडली चर्चमध्ये आले. प्रवासाचे कपडेसुद्धा बदलले नव्हते. माझ्या दोन पेस्टी खाल्ल्या, बोटं पुसली आणि म्हणाले, 'मिस पेंगेली, दोन तास बर्फात बसलो त्याचं सार्थक झालं.' मी त्यांच्या ताटात तिसरी वाढत होते. तेव्हा मला कळलं की गाडी अडकली होती. तू काय केलंस ते अजून कळलं नव्हतं. मी मनात म्हटलं, उद्या सकाळी गेले की त्या ओळीला शेरा मारू, चुकून आधी लिहिली म्हणून. घरी येऊन शांत झोपले.

सकाळी कार्यालयात गेले तर वही जागेवर नव्हती. ऑडलींचा माणूस आदल्या संध्याकाळीच घेऊन गेला होता. पुढच्यांदा ती मी पाहिली ती कोर्टाच्या टेबलावर.

वह्या जातील म्हणून मी गप्प बसले नाही. सार्वजनिक नोंद जाणूनबुजून खोटी लिहिली तर पाच वर्षं. कायद्याचं ते पान मी बुधवारी तीन वेळा वाचलं. आईला कोण बघणार, हे मनात आलं, पण नंतर आलं. आधी आलं ते तुरुंगाचं फाटक. एचेबेरीला माझ्यामुळे जिथं संपवणार होते, त्याच जागेची मला भीती वाटली.

पुढच्या वर्षी मी सीमेवरच्या स्टेशनात गेले होते, मावशीला भेटायला जाते सांगून. स्टेशनमास्तरांनी रोजनामा काढून दाखवला. गाडी चार वाजून पाच मिनिटांनी सीमा ओलांडून आली. म्हणजे तुझा हुकूम खरा होता, एक तास वीस मिनिटं शिल्लक ठेवून. लोक तुला 'पंचवीस मिनिटं उशिराचा गव्हर्नर' म्हणून चिडवत होते, मुलं फाटकावर खडूनं 'दोन वीस' लिहून पळत होती, आणि मी आत बसून पडदे शिवत होते. त्याच सन एकतीसच्या मार्चमध्ये तू राजीनामा दिलास आणि निघून गेलास. मला भेटला नाहीस. मला वाटलं, बरंच झालं, समोर असता तर मला सांगावं लागलं असतं.

तो डोंगरातला मेंढपाळ एप्रिलात खाली आला. त्याला कुणी काही विचारलंच नाही.

आता मला सांग, एकतीसच्या वहीवर मी सही कशी करू? काही असो, एक डिसेंबरला बारा वाजेपर्यंत मला त्या पानावर शेरा मारता येतो, कारण तोपर्यंत वही उघडी आहे आणि मी तिची क्लार्क आहे. बारानंतर मी कुणी नाही. मी मारायचं ठरवलंय. तुझ्यावरचा डाग त्यानं धुतला जाईल. तू मरायच्या आधी मला तेवढं करू दे, आणि त्याबद्दल मला दोन ओळी लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल.

हेटी

११ नोव्हेंबर १९५८

सायलस,

दुरुस्ती मंजूर झाली. दहांतल्या सात जणांनी हो म्हटलं, आणि त्या सातांतल्या सहांनी ती वाचली नसेल.

तुझं पत्र त्याच दिवशी हातात पडलं. मी ते उभ्यानं वाचलं आणि मग बसून वाचलं. तुझीच वाक्यं तुला परत पाठवते, म्हणजे आपण काय लिहिलं ते तुला दिसेल.

तू लिहितोस: 'हेटी, मला ठाऊक होतं. मी त्या दिवशी जेवून लवकर आलो. सव्वाबारा झाले होते. वही उघडी होती, टिपकागद उचलला तर शाई ओली. दोन वीस. मला हसू आलं. म्हटलं, आमची हेटी गव्हर्नरच्याही पुढे धावते.'

आणि पुढे: 'वकील आला तेव्हा मी स्टेशनात फोन लावला. गाडी सीमेपलीकडे बर्फात उभी होती. सही केली. वहीकडे पाहिलं. वाटलं, हेटी सकाळी शेरा मारेल. कोर्टात तू म्हणालीस नेहमीच्या पद्धतीनं, आणि नंतर न्यायाधीशांनी मला विचारलं, ही वही तुमच्या देखरेखीखाली असते ना, खरी आहे ना? मी तुझ्याकडे पाहिलं. तू हातमोज्याचं बटण लावत होतीस. मी म्हणालो, खरी आहे.'

खरी आहे. दोन शब्द. त्या वेळी तुझ्या आवाजात मला केवढा राग ऐकू आला होता. मला वाटलं, माझ्या चुकीमुळे हरलास म्हणून चिडून बोललास. सत्तावीस वर्षं मी त्या रागाची शिक्षा भोगत होते.

तू मला वाचवलंस म्हणतोस. कुणी सांगितलं होतं वाचवायला? मी एकदा तुझ्याकडे मान वळवली असती, तू एकदा घसा खाकरला असतास, तर पाच वर्षं मी आत काढली असती आणि बाहेर आले असते. त्रेचाळीसची. पुन्हा पेस्टी केल्या असत्या. मला आत टाकायला नको म्हणून तू त्याला फाशी दिलीस, आणि मग माझं तोंड बघवेना म्हणून ऑरेगनात जाऊन खिळे आणि हातोडे विकत बसलास. आणि मी मूर्ख, तुझी माफी मागायचं पत्र मनात रचत होते.

रागानं लिहिते आहे, पण खरं तेच लिहिते. तू माझा भाऊ आहेस, आणि मला त्या क्षणी तू नको होतास, न्यायाधीशांना खरं सांगणारा कुणीही माणूस हवा होता.

शेवटी तू लिहितोस: 'शेरा मारायचाच तर तुझ्यापुरता मार. माझं नाव घालू नकोस. लोकांनी मला उशिराचा गव्हर्नर म्हटलं, ते मला सोसलं. कोराच्या मुलांना त्यापेक्षा वाईट काही वाचायला लागू नये. समितीला मी काही कळवणार नाही.'

म्हणजे मूर्ख ठरायला तू तयार आहेस, दोषी ठरायला नाहीस. मला हे कळतं. माझ्याइतकं कुणाला कळणार?

समितीचं सोड. त्यांना काही नको आहे, त्यांचं काम झालं. पण एचेबेरीच्या मुलीनं या वेळी अर्जाखाली एक ओळ जास्त लिहिलीय. तिचं नाव माइते, शाळेत शिकवते. वडील गेले तेव्हा चार वर्षांची होती. लिहिते: 'वह्या बंद होणार असं वर्तमानपत्रात वाचलं. शेवटची नक्कल मी स्वतः येऊन नेईन, एक डिसेंबरला, सकाळी.'

हेस्टर

१ डिसेंबर १९५८, दुपारी तीन वाजून बारा मिनिटं, घड्याळात पाहून

सायलस,

कोराची तार सकाळी घरीच मिळाली. तू आता बोलत नाहीस, पण वाचून दाखवलं तर डोळे उघडतोस, असं ती म्हणते. तेव्हा हे पत्र ती वाचेल. कोरा, बाळ, हे तुझ्या तोंडून जाणार याचं मला वाईट वाटतं. तरी सगळं वाच, मधलं काही गाळू नकोस.

दहा वाजता मी एकतीसची वही मिस्टर ब्रॅनॉकांच्या टेबलावर नेली. शेरा कागदावर लिहून नेला होता. शेऱ्याला राज्यसचिवाची साक्ष लागते. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला.

'मिस पेंगेली, दोन तासांनी या वहीला कायद्यात काही किंमत राहणार नाही.'

'म्हणून तर दहा वाजता आले.'

'तुम्ही आज निवृत्त होताय. खाली केक आणलाय तुमच्यासाठी. कशाला हात घालता?'

'हात तेव्हाच घातलाय. आता काढते आहे.'

'त्या वेळचे सचिव हयात आहेत. त्यांचं तुम्ही नाव घेताय. ते तुमचे भाऊ ना?'

'हो. अजून आहेत, म्हणून घाई.'

ते खिडकीपाशी गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. नोंदी ठेवणं हे सचिवाचं काम, त्या बदलणं नव्हे, असं काहीसं म्हणाले. मग म्हणाले, 'मी सही करणार नाही. मोहोर कुठे असते मला ठाऊक नाही, आणि मी काही पाहिलं नाही.'

तुझ्याच खुर्चीतला माणूस, तुझीच रीत. मी वही उचलली आणि माझ्या जागेवर गेले.

शेरा असा आहे. 'वरील नोंद बाराला दहा कमी असताना लिहिली. तेव्हा गव्हर्नर कुठे आहेत हे लिहिणारीला ठाऊक नव्हतं. गाडी चार वाजून पाच मिनिटांनी सीमा ओलांडून आली. पावणेतीन वाजता राज्यसचिव सायलस पेंगेली हेच गव्हर्नर होते व त्यांचा तहकुबीचा हुकूम खरा होता. नोंद आधी लिहिलेली होती हे लिहिणारीला ठाऊक होतं व राज्यसचिवांनाही ठाऊक होतं. दोघांनी कोर्टात सांगितलं नाही. बेत्री एचेबेरी यांना फाशी दिली ती हुकूम लागू असताना दिली. हेस्टर पेंगेली, क्लार्क. एक डिसेंबर, सकाळी दहा वाजून एकेचाळीस मिनिटं.'

तुझं नाव घातलं. तू नको म्हणाला होतास. अर्धं खरं लिहिलं असतं तर ते मला कोर्टातल्यासारखंच वाटलं असतं. कोराच्या मुलांनी वाचलं तर वाचू दे. आजोबांनी पावणेतीन वाजता एक धाडसाचं काम केलं होतं, तेही त्यांना तिथेच वाचायला मिळेल. माझ्या वाट्याला तेवढंही नाही. साक्षीची जागा रिकामी आहे, तरी गळ्यातली किल्ली काढून मी मोहोर मारली. तसा मला हक्क नव्हता. दाखल्यावर सही केली नाही, एकोणिसावी वही दाखल्याशिवाय जाईल.

माइते एचेबेरी सव्वाअकराला आली. उंच आहे, केस मागे घट्ट बांधलेले, हातात शाळेची पिशवी. मी तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही. मी नक्कल तिच्या हातात दिली आणि म्हणाले, 'या वेळी वेगळी आहे. इथंच वाचा, आणि मला जे बोलायचंय ते बोला.'

तिनं वाचलं. शिक्षिका आहे, बोट ठेवून वाचत होती. शेऱ्यापाशी बोट थांबलं, पुढे गेलं, परत मागे आलं. मी वाट पाहत होते की ती ओरडेल, माझ्या तोंडावर काही फेकेल. मी तशी तयारी करून आले होते. टेबलावरची दौतसुद्धा बाजूला ठेवली होती.

ती म्हणाली, 'आई म्हणायची, हुकूम आला होता. मला वाटायचं, ती स्वतःची समजूत घालते. तिला मी असं तोंडावर बोलले होते.'

'आई आहेत?'

'नाहीत.'

मग तिनं पिशवीतून जुन्या नऊ नकला काढल्या. प्रत्येक पानाचा खालचा कोपरा बोटांनी मळलेला. त्या पानावर खाली आणखी एक नोंद आहे, सायलस. तुला ती ओळ ठाऊक नसेल, तू त्या दिवशी कार्यालयाच्या आत आला नव्हतास. तुरुंगात फाशीचा हुकूम बजावल्याची नोंद. तीही माझ्याच अक्षरात. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

'हे सहा वाजून अकरा मिनिटं,' ती म्हणाली, 'दर वर्षी वीस फेब्रुवारीला मी त्या वेळी मेणबत्ती लावते. आईही लावायची. ही वेळ कशी लिहिलीत? घडल्यावर की आधी?'

वही आदल्या संध्याकाळी कोर्टातून परत आली होती, आणि त्या शुक्रवारी मी पहाटे साडेपाचला जाऊन फोनपाशी बसले होते. टाकाला शाईसुद्धा लावली नव्हती. तुरुंगाधिकाऱ्यांचा फोन आला, त्यांनी वेळ सांगितली, मी दोनदा विचारून घेतली, आणि मगच टाक बुडवला. सगळ्या वह्यांत त्या ओळीइतकी खरी ओळ मी लिहिलेली नाही. हे सगळं माझ्या ओठांवर आलं.

'घडल्यावर,' मी म्हणाले.

'नक्की?'

'नक्की.'

 मग तिनं माझा शेरा पुन्हा वाचला, खालची ओळ पुन्हा वाचली. दोन्हींचं अक्षर एकच आहे, तोच वेलांटीचा फाटा, तोच आकडा एक.

'तुम्ही कोर्टातही असंच नक्की म्हणाला असाल,' ती म्हणाली. आवाज चढवला नाही. दहा नकला पिशवीत घातल्या, बंद लावला, आणि मला विचारलं की दुसरं कुणी आहे का, ज्याला तिला विचारता येईल.

तुरुंगाधिकारी चाळीस साली वारले. मी तिला तसं सांगितलं.

ती गेली. बारा वाजता खाली घोषणा झाली, टाळ्या वाजल्या. मी केक खाल्ला नाही. किल्ली मिस्टर ब्रॅनॉकांच्या टेबलावर ठेवली आणि घरी आले.

कोरा, आता बाबांचा हात धर आणि त्यांना विचार. वीस फेब्रुवारीच्या सकाळी साडेपाचला ते मला कार्यालयाच्या पायऱ्यांवर दिसले होते, टोपी न घालता.  मी आत गेले, ते बाहेरच थांबले. मला फोन आला तेव्हा खिडकीच्या काचेतून मी त्यांना बोटांनी वेळ दाखवली, सहा आणि अकरा, आणि मग वहीकडे वळले. त्यांना आठवत असेल तर डोळे मिटून उघडायला सांग. मला तार कर. त्यांच्याशिवाय आता दुसरा साक्षीदार नाही, आणि ती पोरगी परत जाईल ती गाडी गुरुवारी सकाळी नऊला आहे.

हेटी